छोटं ऑपरेशन, पूर्ण भूल : जागं कोणी राहायचं?

 

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं ऑपरेशन थिएटरात काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही, आमची पदवी तत्त्वज्ञानातली. पण एक माणूस दुसऱ्या माणसाच्या हाती आपली शुद्ध सोपवतो आणि ती परत मिळेल या भरवशावर डोळे मिटतो, हा व्यवहार केवळ वैद्यकीय नाही. त्यात ज्ञानाचा प्रश्न आहे, अधिकाराचा आहे आणि जबाबदारीचाही आहे. या तिन्हींचा इतिहास आज आपण पाहू.

विषय मर्यादित ठेवतो. सकाळी दवाखान्यात जायचं, भूल घ्यायची, ऑपरेशन करायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, अशा भुलीबद्दल आपण बोलणार आहोत. दात, नख, गाठ, मोतीबिंदू, हायड्रोसील, कुटुंबनियोजनाचं दुर्बिणीचं ऑपरेशन, हे सगळं त्यात आलं. आपल्या भागात यांना एकच शब्द आहे : 'छोटं ऑपरेशन'. 'काही नाही, छोटंसंच तर आहे,' असं म्हणून आपण मोटरसायकलवर बसून निघतो. आमचं म्हणणं एवढंच की ऑपरेशन छोटं असू शकतं, भूल छोटी नसते. हे शहाणपण पहिल्याच वर्षी एका मुलीच्या मृत्यूने शिकवलं होतं. जगाला ते पचायला शंभर वर्षं लागली.

मराठीने या क्रियेला 'भूल' हा शब्द दिला. भूल म्हणजे विसर, भूल म्हणजे चूक आणि भूल म्हणजे शुद्ध हरपणं. 'भूलचूक माफ' म्हणतानाचा शब्द तोच आणि 'भूल दिली' म्हणतानाचाही तोच. रुग्णाला एका अर्थाने भूल द्यायची आणि दुसऱ्या अर्थाने स्वतः भूल करायची नाही, हा या व्यवसायाचा सगळा धर्म आहे.

आता इतिहासाकडे वळू. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन याने ईथर देऊन मानेवरच्या गाठीच्या ऑपरेशनात रुग्णाला बेशुद्ध ठेवून दाखवलं. मॉर्टन दातांचा डॉक्टर होता. त्याच्या आधी नायट्रस ऑक्साइडचा प्रयोग करणारा होरेस वेल्स, तोही दातांचाच डॉक्टर. म्हणजे आधुनिक भुलीचा जन्म झाला तो दात काढायला येऊन लगेच घरी परतणाऱ्या रुग्णांमुळे. मोठी ऑपरेशनं मागून आली.

बातमी जहाजांनी पसरली. १८४७च्या मार्चमध्ये कलकत्त्यात ईथर वापरलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरात जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. ईथरपेक्षा वास गोड, काम लवकर, उपकरण नको. फडक्यावर थोडं ओतलं आणि नाकाशी धरलं की झालं. आणि 'झालं' म्हणण्याइतकं सोपं जे वाटतं, तिथेच धोका असतो.

२८ जानेवारी १८४८. इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या विनलेटन गावात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी. पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं. आधी दुसऱ्या बोटासाठी तिला ईथर दिलं होतं, ते निभावलं होतं. या वेळी घरीच, खुर्चीवर बसवून, फडक्यावर चमचाभर क्लोरोफॉर्म टाकून तिला हुंगवलं. काही मिनिटांत ती गेली. क्लोरोफॉर्म येऊन अजून तीन महिनेही झाले नव्हते. सिम्प्सन म्हणाले, दोष क्लोरोफॉर्मचा नाही, ती शुद्धीवर यावी म्हणून तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली त्याने ती गुदमरली. दुसरे म्हणाले, हृदयच थांबलं. त्या एका मृत्यूवर पुढे कित्येक वर्षं वाद चालला.

इथे आपण थांबून पाहू. मांडी कापण्याचं ऑपरेशन असतं तर चार माणसं उभी असती. नख काढायला कोण उभं राहणार? जॉन स्नो हे लंडनचे डॉक्टर कॉलऱ्याच्या अभ्यासामुळे आपल्याला माहीत आहेत. भूल देणं हाच व्यवसाय करणारे ते पहिल्या डॉक्टरांपैकी एक. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिलं. १८५८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचं क्लोरोफॉर्मवरचं पुस्तक निघालं. त्यात त्यांनी जगभरातल्या मृत्यूंच्या हकिकती एकेक करून तपासल्या आहेत. किरकोळ शस्त्रक्रियेत गेलेली माणसं त्यात पुष्कळ सापडतात. स्नोंचा आग्रह होता की हवेत क्लोरोफॉर्म किती मिसळतंय हे मोजा. फडक्यावर अंदाजाने ओतू नका. सोपं आणि मोजलेलं यांत लोकांनी बहुतेक ठिकाणी सोपं निवडलं.

आता गोष्ट आपल्या अंगणात येते. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. सरकारी कागदांत आपल्या मुलुखाचं नाव होतं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. कारभार इंग्रजांचा, मालकी नावापुरती निजामाची. १९०२ मध्ये कायमचा भाडेपट्टा होईपर्यंत हीच स्थिती. म्हणजे १८८८-८९ मध्ये सोनाळा कागदोपत्री ज्या राज्याचा भाग होता, त्या राज्याच्या राजधानीत भुलीच्या इतिहासातला एक मोठा प्रयोग झाला.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन आणि तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते एडवर्ड लॉरी. एडिंबरात शिकलेले, क्लोरोफॉर्मवर पूर्ण श्रद्धा. त्यांचं मत असं : क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, मग हृदय. म्हणून नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा; श्वासावर नजर ठेवली तर कोणी दगावणार नाही. हे सिद्ध करायला १८८८ मध्ये त्यांनी जनावरांवर प्रयोग केले. 'लॅन्सेट' या लंडनच्या नियतकालिकाने शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी खर्च उचलला आणि 'लॅन्सेट'च्या वतीने लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ १८८९ मध्ये हैदराबादला आले. पुन्हा शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. ब्रंटन शंका घेऊन आले होते, ते लॉरींशी सहमत होऊन परतले. हाच दुसरा हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग. त्याच वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फरदूनजी या पारशी बाईंचाही या कामात सहभाग होता. पुढे त्यांनी भूल देणं हेच आपलं काम केलं आणि १९०९ मध्ये शिक्षणासाठी त्या एडिंबरालाही गेल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतलं जातं. आपल्या शाळांतल्या मुलींना हे नाव माहीत असायला हवं.

आता आमच्या विषयाचा माणूस बोलतो, जरा सांभाळून घ्या. लॉरींचं अनुमान काय होतं? 'जिथे क्लोरोफॉर्मने मृत्यू, तिथे श्वास आधी थांबलेला.' न्यायदर्शनात याला व्याप्ती म्हणतात. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती खरी. पण उलट करून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हटलं तर ती खोटी. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो ओलं सरपण असेल तर. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. शेकडो चुली पाहिल्या आणि सगळ्यांत ओलीच लाकडं होती, तर उपाधी डोळ्यांना दिसतच नाही. उदाहरणांची संख्या वाढवून ती सापडत नाही. परिस्थिती बदलून पाहिली तरच सापडते.

हैदराबादेत हेच झालं. जनावरांना क्लोरोफॉर्म खोलवर, मरेपर्यंत दिला होता. तसा दिला तर श्वास आधी थांबतो, हे खरंच आहे. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी परिस्थिती बदलली. मांजरांना हलकी, अर्धवट भूल दिली आणि दाखवलं की अशा हलक्या भुलीत शरीर दचकलं, अ‍ॅड्रिनॅलिन उसळलं, की हृदयाचे कप्पे नुसते थरथरू लागतात आणि हृदय एकाएकी थांबतं. आधी श्वासाचा इशारा मिळेलच असं नाही. आणि हलकी, थोडक्या वेळाची भूल कुठे देतात? दाताला, नखाला. हॅना ग्रीनरचं कोडं बऱ्याच अंशी इथे सुटलं. लॉरींच्या शेकडो प्रयोगांत नेमकं 'छोटं ऑपरेशन' नव्हतं.

तरी लॉरींना मोडीत काढू नका. 'श्वासावरून नजर हटवू नका' ही त्यांची शिकवण आजही खरी आहे. चूक होती ती 'फक्त श्वासाकडेच पाहा' या हट्टात. अर्धं सत्य शाळेत नियम म्हणून शिकवलं की विद्यार्थ्यांच्या पिढ्या उरलेल्या अर्ध्याकडे पाठ फिरवतात. व्यावसायिक शिक्षणातला हा मोठा धोका आहे.

शिक्षणाचा विषय निघालाच आहे तर पाहू, भूल देणं हे 'शिकण्यासारखं' आहे असं जगाने कधी मान्य केलं? बराच काळ भूल द्यायचं काम ज्याला दुसरं काम नाही त्याच्याकडे असे. नवा विद्यार्थी, परिचारिका, कंपाउंडर. सर्जन कापायचा आणि मान वर न करता विचारायचा, 'ठीक आहे ना?'

हे बदललं ते ज्यांनी, त्यांतले दोन महत्त्वाचे पुरुष बाह्यरुग्ण भुलीतूनच आले. पहिले राल्फ वॉटर्स. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीमध्ये त्यांनी १९१६ मध्ये शहराच्या मध्यवस्तीत एक छोटा दवाखाना काढला : दात आणि किरकोळ शस्त्रक्रियेचे रुग्ण यायचे, भूल घ्यायचे, तिथेच थोडं पडून राहायचे आणि घरी जायचे. याच वॉटर्स यांनी १९२७ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात भूलशास्त्राचं पद्धतशीर पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं. दुसरे रॉबर्ट मॅकिंटॉश. लंडनमध्ये दातांच्या रुग्णांना भूल देण्याचा त्यांचा व्यवसाय होता. मोटारींचे कारखानदार लॉर्ड नफिल्ड यांनी त्यांच्या हातची भूल अनुभवली होती. नफिल्ड यांनी ऑक्सफर्डला वैद्यकीय अध्यासनांसाठी मोठी देणगी देऊ केली तेव्हा भूलशास्त्राचं अध्यासनही हवं असा आग्रह धरला. विद्यापीठाला हा विषय अध्यासनाच्या तोलाचा वाटेना. नफिल्ड हटले नाहीत आणि १९३७ मध्ये मॅकिंटॉश प्राध्यापक झाले. विद्यापीठाच्या पंडितांना जे कळलं नाही ते टेबलावर झोपलेल्या रुग्णाला कळलं होतं.

त्याच काळात आणखी एक गोष्ट दिसली. ग्लासगोचे जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये जाहीर केलं की दहा वर्षांत मुलांची ८,९८८ ऑपरेशनं त्यांनी बाह्यरुग्ण पद्धतीने केली. मूल आईजवळ घरी लवकर बरं होतं, असं त्यांचं म्हणणं. पण त्याला एक अट होती : घर नीट हवं आणि नंतर परिचारिकेने घरी जाऊन बघायला हवं. त्याच दिवशी घरी पाठवण्याची कल्पना जुनी आहे, आणि तिच्यासोबतची अटही तितकीच जुनी आहे. आपण कल्पना उचलतो, अट विसरतो.

भारतात १९४७ हे वर्ष लक्षात ठेवा. भूल देणाऱ्या डॉक्टरांची अखिल भारतीय संघटना त्या वर्षी स्थापन झाली आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षीचं. पण महाविद्यालय निघालं म्हणजे भूलतज्ज्ञ गावोगाव पोचला असं नाही.

याचा एक कडू दाखला महाराष्ट्रातलाच आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेला आहे. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. गावात जी मदत मिळाली ती घेऊन, फळ्या बांधून, त्याला टॅक्सीतून पुण्याला आणलं. सुमारे अकरा तासांचा प्रवास. ९ मे रोजी पुण्याच्या एका खाजगी रुग्णालयात हाड बसवण्यात आलं आणि त्याच रात्री मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला. डॉक्टरांची बाजू अशी होती की रुग्ण प्रवासाने थकलेला होता म्हणून पूर्ण भूल दिली नाही, मॉर्फिनवर थोडंच ओढलं आणि मृत्यू रक्तात चरबीची गुठळी गेल्याने झाला. न्यायालयांना ते पटलं नाही. पुरेशी भूल न देता, माणसं लावून, जोराने हाड ओढलं गेलं आणि त्या धक्क्याने मृत्यू झाला, असा निष्कर्ष कायम राहिला. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने १९६८चा हा निकाल आजही वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत सांगितला जातो. डॉक्टरची तीन कर्तव्यं त्यात मांडली आहेत : रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार देताना काळजी.

पहिलं कर्तव्य पुन्हा ऐका. 'घ्यायचा की नाही.' आपल्याकडे थांबवणारा डॉक्टर घाबरट समजला जातो. पण 'आज नको, आधी रुग्ण सावरू दे' किंवा 'इथे नको, अकोल्याला न्या' असं वेळेवर सांगणं हेही कौशल्य आहे, आणि तेही शिकवावं लागतं.

आता यंत्रांकडे. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व शोधलं. करोनात घरोघर आलेली बोटाला लावायची चिमटी ती हीच. १९७८ मध्ये बोस्टनचे अभियंते जेफ्री कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमान अपघातांच्या तपासाची पद्धत भुलीला लावली. टाळता आल्या असत्या अशा ३५९ घटना त्यांनी तपासल्या. त्यांतल्या ८२ टक्के घटनांत मूळ माणसाच्या चुकीत होतं : नळी सुटलेली, सिरिंज बदललेली, गॅसची चावी चुकीची फिरवलेली. १९८६ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांनी भुलीच्या वेळच्या देखरेखीचे किमान नियम प्रसिद्ध केले. पहिला नियम कोणता असेल? यंत्राचा नाही. भूल चालू आहे तोवर भूल देणारी व्यक्ती खोलीत हजर पाहिजे, हा पहिला नियम.

इतका साधा नियम लिहावा का लागला? कारण तो पाळला जात नव्हता. रुग्ण स्थिर दिसतो, छोटंच ऑपरेशन आहे, शेजारच्या टेबलावर दुसरा वाट पाहतोय, आणि माणूस दोन पावलं बाजूला होतो.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ शहरांतली आठ रुग्णालयं, त्यांत दिल्लीतलं एक. रुग्णाचं नाव, ऑपरेशनची जागा, अ‍ॅलर्जी, भुलीच्या यंत्राची तपासणी असे प्रश्न मोठ्याने विचारायचे, इतकंच. मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास उतरलं. एवढा फरक कागदाच्या एका पानाने पडतो, पण ते पान परिचारिकेने सर्जनला थांबवून वाचायचं असतं. कनिष्ठाने वरिष्ठाला थांबवायची मुभा शिक्षणातच मिळायला हवी.

आता आपल्या दाराशी येऊ. सातपुड्याच्या पायथ्याचं आपलं गाव. आजारी माणसाला घेऊन वरवट बकाल, नाही तर शेगाव, खामगाव, नाही तर अकोला. २०२४ मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं, ही आनंदाची गोष्ट. पण तिथून शिकून भूलतज्ज्ञ तयार व्हायला वर्षं जातील. तोवर काय? सरकारने एक मार्ग काढला : एमबीबीएस डॉक्टरांना साधारण अठरा आठवड्यांचं जीवरक्षक भुलीचं प्रशिक्षण. हेतू असा की अडलेल्या बाळंतिणीचं सिझेरियन भूलतज्ज्ञ नाही म्हणून थांबू नये. यावर मतभेद झाले. अर्धं शिक्षण धोक्याचं, असं काही म्हणाले. काहीच नसण्यापेक्षा बरं, असं काही म्हणाले.

आमचं मत विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत, कारण त्या वेगवेगळ्या प्रसंगांबद्दल बोलतात. अडलेल्या बाळंतिणीला थांबायला वेळ नाही. तिथे अठरा आठवडे शिकलेला हात देवासारखा. पण हायड्रोसील थांबू शकतं. गाठ थांबू शकते. जे ऑपरेशन महिनाभर थांबू शकतं त्याला आणीबाणीचे नियम लावायचे नाहीत. गरज मोठी असते तिथे धोका पत्करतात. गरज नसताना तोच धोका पत्करला तर ती सोय झाली, आणि सोयीसाठी दुसऱ्याचा जीव पणाला लावायचा अधिकार कोणालाच नाही.

शिबिरांचंही तसंच. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात कुटुंबनियोजनाच्या शिबिरांनंतर तेरा बायका दगावल्या. एका शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ ऑपरेशनं केली होती. मृत्यूंच्या नेमक्या कारणावर वाद झाले, ते बाजूला ठेवू. काही तासांत ८३, हा आकडाच सांगतो की एकेकीकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

आणि संमतीचं. २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय, तिच्या आईची संमती घेऊन, काढता येत नाही. तातडी नसेल तर तिला शुद्धीवर येऊ द्या, मग तिलाच विचारा. झोपलेला माणूस माणूसच राहतो, त्याचा 'नाही' म्हणायचा हक्क त्याच्यासोबत झोपत नाही. आपल्याकडे फॉर्मवर सही नवऱ्याची, मुलाची, जो लिहिता येतो त्याची. ज्याचं शरीर त्याला समजावून सांगितलं का, हे कोणी विचारत नाही.

शेवटचा मुद्दा घरी जाण्याचा. १९७० मध्ये अल्ड्रेट यांनी भुलीतून उठणाऱ्या रुग्णासाठी दहा गुणांची साधी परीक्षा सुचवली : हातपाय हलतात का, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि रंग. ती परीक्षा उठल्यानंतरच्या खोलीतून बाहेर काढण्यासाठी आहे. घरी जाण्यासाठी त्याहून जास्त लागतं : चालता येतं का, उलट्या थांबल्या का, दुखणं आटोक्यात आहे का, आणि सोबत जाणता माणूस आहे का. चोवीस तास गाडी चालवायची नाही, व्यवहाराच्या कागदावर सही करायची नाही. शहरात घर दवाखान्यापासून पंधरा मिनिटांवर असतं. आपलं घर दोन तासांवर. रात्री अकराला श्वास अडला, रक्त सुटलं, तर? म्हणून गावाकडच्या रुग्णाला एक रात्र तालुक्याला थांबवून घेणं हा डॉक्टरचा लोभ नसतो.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कोणाचं 'छोटं ऑपरेशन' निघालं तर पाच गोष्टी विचारा. भूल कोण देणार आणि ते शेवटपर्यंत तिथेच थांबणार का? बोटाची चिमटी आणि ऑक्सिजन आहे ना? काही बिघडलं तर कुठे न्यायचं हे आधी ठरलंय का? घरी कधी सोडणार आणि कशावरून ठरवणार? रात्री फोन कोणाला करायचा? आणि तुम्हीही खरं सांगा : जेवण केव्हा केलं, चहा प्यायला का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, दारू-तंबाखू किती, आधी भुलीचा काही त्रास झाला होता का. 'उपाशी आहे' असं खोटं सांगून टेबलावर झोपलेला माणूस उलटी फुप्फुसात जाऊन दगावू शकतो. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याचं काम हलकं होतं.

पावणेदोनशे वर्षांत औषधं बदलली, क्लोरोफॉर्म गेला, फडकं गेलं, चिमटी आली. प्रत्येक टप्प्यावर माणसं दगावली तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी म्हणालं होतं की एवढंसं तर आहे. तुमच्यातल्या ज्या मुला-मुलींना डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ व्हायचंय त्यांनी भूल देणाऱ्याचं हे काम दुय्यम समजू नये. दुसरा माणूस झोपलेला असताना आपण जागं राहायचं, आणि तो जागा होऊन आपलं नाव नीट सांगेपर्यंत तिथून हलायचं नाही.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, आधी त्यांना माइक द्या.